चावीच्या छल्ल्यातली छोटी टॉर्च : उपयोग, निगा आणि सावधगिरी



२००० साली छत्तीसगड वेगळे झाले. त्यानंतरची काही वर्षे आपल्या मध्य प्रदेशात विजेची फार ओढाताण होती. आज आपल्या शाळेत शिकणाऱ्या अनेक मुलांच्या आई-वडिलांनी परीक्षेचा अभ्यास कंदिलाच्या किंवा मेणबत्तीच्या उजेडात केलेला आहे. संध्याकाळ झाली की कंदिलाची काच पुसून ठेवायची आणि काडेपेटी ठरलेल्या कोनाड्यात ठेवायची, ही घरातल्या मोठ्या मुलाची कामे असत. आता ते दिवस राहिले नाहीत. बऱ्याच घरांत इन्व्हर्टर आले आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला. तरीही वळवाचा पाऊस आला, वारा सुटला की लाईट जातेच. शिवाय लाईट असली तरी जिन्याखाली, गोठ्यात, केळीच्या बागेत आणि गल्लीच्या शेवटच्या टोकाला अंधार असतोच.

या अंधारासाठी अलीकडे एक फार छोटी वस्तू बाजारात मिळते. चावीच्या छल्ल्यात अडकवायची, अंगठ्याएवढी, मोबाईलच्या चार्जरवर चार्ज होणारी टॉर्च. अनेकांकडे ती भेट म्हणून आलेली असते आणि न वापरता पडून असते. तिचा रोजच्या जीवनात कसा उपयोग करावा, तिची निगा कशी राखावी आणि कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात पाहू.

शब्दाबद्दल एक खुलासा आधी करतो. पुस्तकात हिला ‘विजेरी’ म्हणतात आणि घरात आपण ‘बॅटरी’ म्हणतो. पण बॅटरी तिच्या आतही असते. घोटाळा नको म्हणून या लेखात संपूर्ण वस्तूला ‘टॉर्च’ आणि आतल्या भागाला ‘बॅटरी’ म्हटले आहे.

थोडा इतिहास

हातात धरायच्या टॉर्चचे पेटंट अमेरिकेत डेव्हिड मिसेल यांना जानेवारी १८९९ मध्ये मिळाले. त्या वेळचे सेल इतके अशक्त होते की दिवा फार वेळ सतत लावता येत नसे. थोडा वेळ लावायचा आणि बंद करायचा. म्हणूनच तिला इंग्रजीत ‘फ्लॅशलाईट’, म्हणजे क्षणभर चमकणारा दिवा, हे नाव पडले.

आपल्याकडे दोन किंवा तीन मोठ्या सेलांची, पितळी नाहीतर स्टीलची टॉर्च घरोघरी असे. सेल उतरले की आजोबा ते उन्हात ठेवत आणि टॉर्च पुन्हा थोडी चाले. त्या टॉर्चमध्ये तारेचा बल्ब होता. अशा बल्बला दिलेल्या विजेतला फार मोठा भाग उष्णतेत जातो आणि उजेड थोडाच मिळतो.

दोन शोधांनी हे चित्र बदलले. पहिला शोध निळ्या एलईडीचा. तांबडा आणि हिरवा एलईडी पूर्वीच तयार झाला होता, पण निळा काही केल्या जमत नव्हता आणि निळ्याशिवाय पांढरा उजेड मिळत नव्हता. जपानमध्ये इसामु आकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी, तसेच निचिया कंपनीत काम करणाऱ्या शुजी नाकामुरा यांनी हे कोडे सोडवले. १९९३ मध्ये नाकामुरा यांचा प्रखर निळा एलईडी जगापुढे आला. या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा शोध लिथियम-आयन बॅटरीचा. ती १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे आपल्या छल्ल्यातल्या या चिमुकल्या वस्तूमागे दोन नोबेल पारितोषिके आहेत.

आत काय असते?

टॉर्च बंद असताना तिच्या तोंडाकडे नीट पाहा. एक पिवळा ठिपका दिसेल. पांढरा उजेड देणारी टॉर्च आणि आत पिवळा ठिपका, हे कसे? त्या ठिपक्याखाली निळा एलईडी असतो. पिवळा लेप निळ्या उजेडाचा काही भाग शोषून पिवळा उजेड बाहेर टाकतो. निळा आणि पिवळा एकत्र आले की आपल्या डोळ्यांना पांढरा दिसतो.

उजेड ‘ल्युमेन’ या एककात मोजतात. जुन्या ६० वॉटच्या बल्बचा उजेड साधारण ७०० ल्युमेन असे. छल्ल्यातल्या टॉर्चला वीस ते शंभर ल्युमेन पुष्कळ होतात. पाकिटावर हजारो ल्युमेन लिहिलेले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. एवढ्याशा बॅटरीत तेवढी शक्ती मावतच नाही.

हे गणित मुलांनी स्वतः करून पाहावे. समजा बॅटरीवर १०० मिली-अँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट असे लिहिले आहे. दोन्हींचा गुणाकार केला की ०.३७ वॉट-तास येते. वीस ल्युमेन उजेडासाठी सुमारे पाव वॉट लागतो असे धरले, तर टॉर्च साधारण दीड तास चालेल. चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून एका चार्जला अर्धा वॉट-तास धरू. विजेच्या एका युनिटमध्ये १००० वॉट-तास असतात. म्हणजे एका युनिटमध्ये ही टॉर्च २००० वेळा चार्ज होईल. रोज एकदा चार्ज केली तरी एक युनिट पाच वर्षांहून अधिक पुरेल.

मोबाईलला टॉर्च असताना ही कशाला?

हा प्रश्न बहुतेक पालक विचारतात. त्याची तीन उत्तरे आहेत. पहिले म्हणजे, शाळेतल्या मुलांकडे मोबाईल नसतो आणि नसावाही. दुसरे, पाऊस, चिखल, विहिरीचा काठ, मोटारसायकलचे इंजिन अशा ठिकाणी महागडा मोबाईल पुढे करायला मन धजत नाही. तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. संकटाच्या वेळी मोबाईलची बॅटरी फोन करण्यासाठी शिल्लक हवी. रात्री शेतात कोणाला काही झाले, तर एकाच मोबाईलवर उजेडही पाडायचा आणि १०८ ला फोनही करायचा, हे अवघड होते.

रोजच्या वापरातले काही प्रसंग

कुलपाचे भोक शोधणे हा पहिला आणि सर्वांना ठाऊक असलेला उपयोग. त्याखेरीज पुढील प्रसंगी ही टॉर्च कामी येते.

औषधे : रात्री घरातल्या आजारी माणसाला गोळी देताना पट्टीवरचे नाव आणि मुदतीची तारीख उजेडात वाचूनच द्यावी. अंदाजाने दिलेली गोळी महागात पडते.

जिना आणि न्हाणीघर : आपल्या जुन्या वाड्यांतले जिने उभे आणि अरुंद आहेत. आजी-आजोबा रात्री उठतात तेव्हा त्यांच्या उशाशी ही टॉर्च असावी. म्हातारपणी पडून मांडीचे हाड मोडले तर महिनोन्‌महिने अंथरूण धरावे लागते.

चपला, बूट आणि सरपण : पावसाळ्यात बूट घालण्यापूर्वी आत उजेड टाकून पाहावे. सरपणात किंवा विटांच्या ढिगात हात घालण्यापूर्वीही पाहावे. तिथे विंचू असू शकतो. काही टॉर्चना जांभळट, म्हणजे अतिनील उजेडाचाही दिवा असतो. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. विंचवाच्या दंशाला हलके समजू नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावरील उपचारासाठी आयुष्य वेचले. त्यांच्या संशोधनामुळे असंख्य रुग्णांचे प्राण वाचले आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

रस्त्याने चालताना : पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील असे चालावे. टॉर्चचा उजेड जमिनीकडे ठेवावा. तो आपल्याला वाट दाखवतो आणि वाहनचालकाला आपण दिसतो. वाहनचालकाच्या डोळ्यांवर उजेड कधीही टाकू नये.

सहलीत : असीरगडावर किंवा कुंडी भंडाऱ्यावर जाताना प्रत्येक गटाकडे एक टॉर्च असावी. अब्दुल रहीम खान-ए-खानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, बांधलेली ही पाण्याची भुयारी योजना आजही पाणी देते. कुंड्यांच्या तोंडातून खाली उजेड आणि हवा जाते, परंतु दोन कुंड्यांमधला बोगदा काळोखाच असतो. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. अशा ठिकाणी शिक्षक आणि तिथले कर्मचारी सांगतील तेवढेच पुढे जावे. हातात टॉर्च आहे म्हणून एकट्याने बोगद्यात शिरू नये.

शेतात रात्री : जिवाचा प्रश्न

आपल्या जिल्ह्याची ओळख केळीमुळे आहे. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेतही बऱ्हाणपूरसाठी केळीच निवडली आहे. शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीत मिळते आणि मग मोटार सुरू करायला किंवा पाणी पाहायला रात्री बागेत जावे लागते. आपल्या शाळेतल्या अनेक मुलांचे वडील आणि काका असे जातात. काही मोठी मुलेही त्यांच्याबरोबर जातात. केळीच्या बागेत सावली, ओल आणि वाळलेल्या पानांचा थर असतो. तिथे उंदीर येतात आणि त्यांच्या मागे साप येतात.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यांतले जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले आहेत. ज्या राज्यांत हे प्रमाण मोठे आहे त्यांत मध्य प्रदेशही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार जातींपासून माणसाला मुख्य धोका असतो. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. त्याचा दंश दुखतही नाही, म्हणून लक्षात येत नाही. घोणस माणूस आला तरी पुष्कळदा जागचा हलत नाही आणि वाळलेल्या पानांत दिसतही नाही.

म्हणून रात्री शेतात जाताना पायात बूट आणि हातात उजेड या दोन गोष्टी हव्यातच. शेतासाठी मोठी टॉर्च उत्तम. छल्ल्यातली छोटी टॉर्च ही तिची जोडीदार समजावी, कारण मोठी नेमकी घरी राहिलेली असते आणि छल्ला मात्र खिशात असतो. टॉर्च धरण्याचीही एक पद्धत आहे. ती डोक्याजवळ न धरता कमरेच्या खाली धरावी आणि उजेड दोन-तीन पावले पुढे टाकावा. खालून तिरपा उजेड पडला की दगड, खड्डा किंवा वेटोळे यांची लांब सावली पडते आणि ते पटकन दिसते. वरून उजेड टाकला तर सगळी जमीन सपाट वाटते.

तरीही दंश झालाच, तर त्या माणसाला धीर द्यावा, चालू किंवा पळू देऊ नये. दंशाचा भाग हलू न देता लगेच रुग्णालयात न्यावे. चिरा देऊ नये, रक्त चोखू नये, दोरीने करकचून बांधू नये आणि झाडफुकीत वेळ घालवू नये. विषावर प्रतिविष हेच औषध आहे आणि ते रुग्णालयातच मिळते.

निगा कशी राखावी?

१. महिन्यातून एक दिवस ठरवून टॉर्च चार्ज करावी. विजेचे बिल भरण्याचा दिवस धरला तर विसर पडत नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच ठेवली तर ती कायमची खराब होते.

२. लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. निमाडातल्या मे महिन्यात बंद गाडीत, डिकीत किंवा उन्हातल्या खिडकीत टॉर्च ठेवू नये. जुने सेल उन्हात ठेवण्याची सवय इथे लावू नये. ती इथे धोक्याची आहे.

३. चार्जिंगच्या भोकात खिशातली धूळ आणि दोऱ्यांचे तंतू साचतात. टॉर्च बंद करून कोरड्या, मऊ ब्रशने ते काढावेत. टाचणी घालू नये. टॉर्च भिजली असेल तर पूर्ण वाळल्याशिवाय चार्ज करू नये.

४. काही स्वस्त टॉर्च दोन्ही टोकांना टाईप-सी असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत. अशा वेळी टॉर्च बिघडली असे समजून फेकू नये. एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेली केबल लावून पाहावी.

५. खिशात बटण दाबले जाऊन टॉर्च आपोआप सुरू होते, तापते आणि ऐन वेळी उतरलेली असते. म्हणून विकत घेताना दोनदा दाबल्यावर सुरू होणारी किंवा बटण कुलूपबंद करता येणारी पाहून घ्यावी.

६. पाकिटावर ‘आयपीएक्स४’ लिहिले असेल तर टॉर्च पावसाच्या शिंतोड्यांना टिकते. ‘आयपीएक्स७’ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला हवी.

कोणती सावधगिरी घ्यावी?

बॅटरी फुगलेली दिसली, टॉर्चचे कवच उकलले किंवा ती चार्ज होताना फार तापली, तर तिचा वापर ताबडतोब थांबवावा. ती उघडू नये, टोचू नये आणि कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर अशी बॅटरी पेट घेते. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदाराकडे किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रावर ती द्यावी. चार्जिंग उशीखाली किंवा अंथरुणावर करू नये.

छल्ल्याच्या जुन्या, स्वस्त टॉर्चमध्ये बटणासारखे गोल सेल असतात. घरात लहान मूल असेल तर त्या टॉर्च घरात ठेवूच नयेत. असा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर इजा होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे. चार्ज होणाऱ्या टॉर्चची बॅटरी आत बंद असते, हा तिचा मोठा गुण आहे.

स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर काडी तर ओढायची नाहीच, पण लाईटचे बटण किंवा साधी टॉर्चही तिथे सुरू करायची नाही. बटणाची बारीक ठिणगीसुद्धा पुरते. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

भुसावळ-खंडवा रेल्वेमार्ग आपल्या गावावरून जातो. रुळांजवळ रात्री कोणताही दिवा जोरजोराने हलवणे हा रेल्वेच्या नियमात थांबण्याचा इशारा मानला जातो. मुलांनी तिथे टॉर्च हलवून खेळू नये. खरोखर संकट असेल तर मात्र हाच इशारा उपयोगी पडतो, हे मोठ्यांनी लक्षात ठेवावे.

कोणाच्याही डोळ्यांत उजेड टाकू नये. लुकलुकणाऱ्या उजेडाने काही मिरगीच्या रुग्णांना झटका येऊ शकतो, म्हणून वर्गात तसा खेळ करू नये.

घरी करून पाहा

विद्यार्थ्यांसाठी तीन सोपे प्रयोग देत आहे.

पहिला : टॉर्च भिंतीपासून एक हात अंतरावर धरा, मग दोन हात अंतरावर. उजेडाचे वर्तुळ किती मोठे झाले ते खडूने आखा. अंतर दुप्पट झाले की वर्तुळाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि प्रत्येक ठिकाणचा उजेड एक चतुर्थांश उरतो.

दुसरा : टॉर्च उभी ठेवून तिच्या तोंडावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवा. उजेड खोलीभर पसरेल. लाईट गेल्यावर जेवायला बसण्यापुरता हा दिवा छान होतो. पांढऱ्या छताकडे टॉर्च वळवली तरी असेच होते.

तिसरा : तीन वेळा छोटी, तीन वेळा लांब आणि पुन्हा तीन वेळा छोटी उघडझाप करा. ही ‘एसओएस’ खूण आहे. १९०६ मध्ये बर्लिनच्या परिषदेत ती समुद्रावरच्या संकटासाठी ठरली आणि आजही जगभर मदतीची हाक म्हणून ओळखली जाते. सराव घरातच करा. बाहेर गंमत म्हणून करू नका, नाहीतर ‘लांडगा आला रे’ या गोष्टीसारखी गत होईल.

शाळेसाठी सूचना

विश्वस्त मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवावीशी वाटते. शाळेचे दार उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या सेवकांच्या चावीच्या जुडग्यात, कार्यालयात, प्रयोगशाळेत आणि जिन्याजवळच्या वर्गाच्या शिक्षकांकडे अशी एकेक टॉर्च असावी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती चार्ज केल्याची नोंद वहीत व्हावी. पावसाळी दिवसांत दुपारीही आभाळ भरून येते आणि लाईट गेली की जिन्यावर मुलांची गर्दी होते. त्या वेळी वरच्या आणि खालच्या पायरीवर एकेक शिक्षक टॉर्च घेऊन उभे राहिले तरी चेंगराचेंगरी टळेल. आगीच्या वेळी लागणारे आपत्कालीन दिवे मात्र वेगळेच हवेत. त्यांची जागा ही टॉर्च घेऊ शकत नाही.

पालकांना विनंती की ज्यांच्या घरी अशी टॉर्च ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्यांनी ती आजच काढावी, चार्ज करावी आणि घरातला जो माणूस रात्री सर्वांत जास्त बाहेर असतो त्याच्या छल्ल्यात अडकवावी. मुलांनो, हे काम तुम्हीच करा. बाबा किंवा काका रात्री मोटार सुरू करायला निघाले की ‘टॉर्च घेतली का?’ एवढे विचारायला विसरू नका.